बबनरावांच्या वावरातून गेलेली सरहद्द

गुलाम नबी मिस्त्रींनी भोसल्यांना अडगावची लढाई जिंकून दिली, ती कळंबच्या आपल्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारीवर तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता. खऱ्या इतिहासात १८०३ साली भोसले ती लढाई हरले, हे शाळेत गेलेल्या कुणालाही माहीत असतं. मिस्त्रींच्या नकाशात मात्र इंग्रजांना पळता भुई थोडी झाली. ज्या गोलंदाजाने ऐनवेळी तोफा फिरवल्या, त्याला भोसल्यांनी खूश होऊन कळंबची जहागीर दिली, आणि पुढे तिचं स्वतंत्र संस्थान झालं. त्या गोलंदाजाचं घराणं कोणतं, ते मिस्त्रींनी विनयाने लिहिलं नव्हतं. पण त्याच्या मिशा मिस्त्रींच्या आजोबांसारख्या होत्या.

असा छंद असलेली माणसं जगात आहेत. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं, मिस्त्री घरात बसून पंखे उघडत आणि पुन्हा जोडत होते, तेव्हा त्यांच्या मुलीने, जेबाने, वैतागून त्यांना फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. तिथे जगभरची रिकामी डोकी न घडलेल्या इतिहासाचे नकाशे काढून एकमेकांना दाखवत. कुणी अमेरिकेचे चार तुकडे केलेले, कुणी केरळला श्रीलंका जोडलेली. भाषांतराचं काम फोनच करायचा. नियम एकच आणि कडक होता. सुरुवातीला एक घटना बदलायची, त्यानंतर मात्र लबाडी नाही. प्रत्येक गोष्टीला कारण हवं. पोलंडमधल्या एक बाई या बाबतीत फारच खमक्या होत्या. मिस्त्रींनी कळंबला आरमार दिलं तेव्हा त्यांनी समुद्र कुठे आहे असं विचारलं, आणि मिस्त्रींना ते आरमार निमूटपणे बेंबळा नदीतल्या तीन डोंग्यांवर आणावं लागलं.

वार्निशने अंगठे काळे झालेले, त्यामुळे फोनचा पडदा त्यांना ओळखत नसे. मिस्त्री करंगळीने नकाशे काढत. मोठ्या मेहनतीने, श्वास रोखून, एकेक नाला काढत. गावात आधी लोक हसले. मग गिऱ्हाईकं नकाशा बघायला लागली, आणि बघता बघता अर्ज यायला लागले. केळापूरचा एक माणूस मोटार घेऊन आला आणि म्हणाला, "मिस्त्री, तालुका आमच्या गावाच्या नावाचा अन् कचेरी पांढरकवड्यात. नकाशात तरी न्याय करा." मिस्त्रींनी विचार केला. त्यांच्या इतिहासात बाजाराची वाट केळापुरावरून जात होती, म्हणजे कारण सापडलं, आणि केळापूरला सुभ्याची कचेरी मिळाली. तो माणूस पेढे देऊन गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मिस्त्रींना पुढे कळलं.

पेढ्यांची बातमी बबनरावांच्या कानी गेली. बबनराव हे मिस्त्रींचे शाळेपासूनचे दोस्त. घर बेंबळेच्या अलीकडे, वावर पलीकडे, आणि सकाळचा चहा मिस्त्रींच्या दुकानात. सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी खिशात सारून त्यांनी फोन नाकाजवळ धरला आणि नकाशा पाहिला.

"हे माहं घर. हे माहं वावर. अन् मधात हे लाल रेघ कायची होय बे?"

"सरहद्द होय," मिस्त्री म्हणाले. "नदीच्या अलीकडं कळंब संस्थान, पलीकडं नागपूरचं राज्य."

"म्हणजे म्या रोज बैल घेऊन परदेशात जाऊ?"

"परवाना काढा लागंल."

"मजाक सोड. रेघ सरकव. दोन बोटं सरकवली का वावर अलीकडं येते."

"नाई सरकत, बबन. सरहद्द नदीवर ठरली. तहात ठरली."

"केळापूरवाल्याचं काम केलं नं? त्याचे पेढे गोड लागले काय?"

"त्याले कारण होतं. तुह्यापाशी कारण काय हाय? इतिहास वशिल्यानं चालत नसते."

"अबे, साराच इतिहास तू खोटा बनवून राह्यला!"

"खोटा हाय म्हणूनच त्यात खोटेपणा चालत नाई," मिस्त्री म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. ते दुसऱ्यांदा म्हणायला नको होतं.

बबनरावांनी चहाचा कप अर्धा ठेवला. "ठीक हाय. मंग यंदा सीतादहीले येऊ नको. दुसऱ्या देशाच्या माणसाचं माह्या वावरात काय काम?"

हे लागलं. कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात दहीभाताचा निवद दाखवतात, झाडांवर दही शिंपडतात आणि मग वेचणीला हात घालतात, ते सीतादही. फार वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मिस्त्री बबनरावांच्या विहिरीवर मोटार दुरुस्त करत होते. बबनरावांच्या बायकोने, इंदूबाईंनी, त्यांनाही हाक मारली आणि तळहातावर शिंपडायला दही ठेवलं. त्या साली कापूस असा फुटला की वेचणाऱ्या बाया पुरेनात. तेव्हापासून पहिलं दही मिस्त्रींच्या हातचं, ही त्या वावराची रीतच होऊन बसली. ईद एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, पण सीतादही मिस्त्रींनी कधी चुकवलं नव्हतं.

बबनराव चहाला यायचे थांबले. त्यांची जळालेली मोटार बाभुळगावला गेली. विचारणाऱ्याला ते गंभीरपणे सांगत की परदेशी दुकानात जकात लागते, परवडत नाही. मिस्त्री दुकानात बसत, पण तारेचे वेढे चुकायला लागले. एका पंपाचा तर असा वेढा बसला की तो पाणी ओढायच्या ऐवजी नुसता गुणगुणत राहिला.

"अजी, रेघच तं हाय," जोहराबी म्हणाल्या. नवऱ्याचं उतरलेलं तोंड त्यांना बघवत नव्हतं. "दोन उंगली सरकवा. कोन देखून राह्यलं?"

"पोलंडची बाई देखते."

जोहराबींनी पोलंडच्या बाईला ठेवणीतल्या दोन शिव्या दिल्या. पण मिस्त्रींनी शेवटी त्याच बाईला गाऱ्हाणं सांगितलं, सगळं, सीतादहीसकट. उत्तर आलं ते मोठं समजुतीचं होतं. नद्या जागा बदलतात, बाईंनी लिहिलं. तह झाला तेव्हा नदी तुमच्या मित्राच्या वावराच्या पलीकडून वाहत असेल, आणि नंतरच्या पुरात अलीकडे सरकली असेल, तर सरहद्द जुन्या पात्रावर राहील आणि वावर तुमच्याकडे. पण जुन्या पात्राची वाळू जमिनीत राहते. ती दाखवा.

मिस्त्री खुर्चीतून उठलेच. कारण! त्यांनी ते जोहराबींना सांगितलं, जोहराबींनी फोनवर इंदूबाईंना, आणि इंदूबाईंच्या पोटात गोष्ट राहत नाही हे दोन्ही देशांना ठाऊक होतं.

सीतादहीच्या सकाळी मिस्त्री बोलावणं नसताना पूल ओलांडून गेले. खांद्यावर फावडं, हातात सब्बल. इंदूबाई झाडाखाली दहीभात मांडत होत्या, वेचणाऱ्या बाया ओटी बांधून उभ्या होत्या. बबनराव आडवे आले.

"परवाना कुठं हाय?"

"खोदाकामाचा हाय," मिस्त्री म्हणाले. "पलीकडच्या धुऱ्यापाशी वाळू लागली तं वावर आपल्याकडं. नाई लागली तं मी परत जातो, अन् दही दुसऱ्याच्या हातचं."

"खोद," बबनराव म्हणाले, आणि कपाशीची बोंडं तपासायला निघून गेले.

मिस्त्रींनी धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाला लागून, खोदायला घेतलं. वऱ्हाडाची काळी माती, चिकट, फावड्याला सोडत नाही अशी. इथे मात्र ती फारच मऊ लागत होती. घाईत मिस्त्रींच्या ते ध्यानात आलं नाही. गुडघाभर खोल गेले आणि फावडं खरखरलं. वाळू! पिवळी, स्वच्छ, नदीची वाळू. दोनशे वर्षांपूर्वीची बेंबळा त्यांच्या पायाशी होती, भोसल्यांचा तह खरा ठरत होता. त्यांनी हाताने आणखी उपसली, आणि वाळूबरोबर वर आली ती खर्र्याची पन्नी. रिकामी, गाठ सोडलेली, आत सुपारीचा ओला चुरा चिकटलेला.

मिस्त्री खड्ड्यात तसेच बसून राहिले. गाडीभर वाळू तरी असेल. नदीतून भरून आणलेली, रात्रीतून इथे पुरलेली. हा बबन्या धुऱ्यावर कुणाचं ढोर चढलं तर महिनाभर तोंड बघत नाही. काळ्या मातीत दगड दिसला तर खिशात घालून बाहेर नेऊन टाकणारा माणूस. त्याने आपल्या हाताने, सोन्यासारख्या जमिनीत, वाळू कालवली. कुठल्याच कचेरीत नसलेल्या रेघेसाठी.

त्यांनी दूर पाहिलं. बबनराव पाठ करून एकाच बोंडाची केव्हापासून तपासणी करत होते.

मिस्त्रींनी पन्नी खिशात घातली. मग वाळूचा फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. खाली करंगळीने लिहिलं, पूर आला होता. पोलंडच्या बाईंचं उत्तर लगेच आलं. अभिनंदन, पुरावा निर्विवाद आहे.

"निघाली का?" लांबूनच बबनरावांनी विचारलं.

"निघाली."

"किती जुनी असंन?"

"दोनशे वर्षं तं कुठंच गेली नाई," गुलाम नबी मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांच्या नकाशेगिरीत ते आज पहिल्यांदाच खोटं बोलत होते.

"मले वाटलंच होतं," बबनराव म्हणाले.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. इंदूबाईंनी हाक मारली, आणि मिस्त्रींनी मातीचा हात धुऊन दह्यासाठी पुढे केला.