रीळ बदलताना लागणारे दिवे

सिनेमांबद्दल लिहिण्याचा मला अधिकार नाही, त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी सिनेमाचा अभ्यास केलेला नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तिथेही कॉमर्सला होतो. शिवाय ज्या सिनेमांची शिफारस करायची, त्यांतल्या बहुतेकांची नावंच मला ठाऊक नाहीत. ते रविवारी दुपारी टीव्हीवर लागायचे, कुठल्या तरी प्रांताच्या भाषेत, खाली इंग्रजी ओळी घेऊन. आमच्याकडे तेव्हा जेवणं चाललेली असत. माझा मोठा भाऊ ताट घेऊन टीव्हीसमोर बसेपर्यंत नावं येऊन गेलेली असायची, आणि शेवट पुष्कळदा वीज गेल्यामुळे राहून जायचा. तरी ते बघावेत असं मला मनापासून वाटतं. दादाविषयी काही न लिहिता नुसती शिफारस करून पाहिली. जमली नाही.

एक सिनेमा ओडिया होता. एका शाळामास्तराची बदली होते आणि तो सामान बांधायला घेतो. सबंध सिनेमाभर तो सामानच बांधतो. शेजारी एकेक करून येतात, भांडी मागतात, जुनी भांडणं काढतात, रडतात. बदली रद्द झाल्याचं शेवटी कळतं, पण तोवर त्या घरात पुन्हा राहण्यासारखं काही उरलेलं नसतं. मी दादाला इंग्रजी ओळी वाचून दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "अक्षरं नको वाचूस यार. माणसं बघ." त्याचं शिक्षण दहावीपर्यंत झालं होतं. मला वाटायचं, समजत नाही म्हणून तसं म्हणतो. मग मीही ओळी न वाचता बघायला लागलो.

दुसरा मल्याळी. नवरा परदेशातून येणार म्हणून एक बाई घराला स्वतः चुना लावते. भिंती, ओटा, तुळशीकट्टा, जिथे हात पोचेल तिथे. गावातले लोक येता-जाता टोमणे मारतात. नवरा फाटकाशी येतो आणि सिनेमा संपतो. हा मिळाला तर जरूर बघा. आमच्या कॉलनीत तो कुणीच पाहिला नसावा, कारण त्या सुमाराला छपरांवरून केबलच्या तारा आल्या होत्या आणि रविवारची दुपार लोकांनी दुसऱ्या चॅनलांना देऊन टाकली होती.

त्या तारा टाकण्याच्या कामालाच दादा लागला. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात दफ्तरी होते, फायली लावायचे. आम्ही दिल्लीत सेवानगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबांनी त्यांच्या साहेबाला गळ घालून दादाला ऑफिसात कच्च्या नोकरीवर चिकटवलं होतं, पक्की होण्याची आशा होती. ती सोडून दादा यमुनेपलीकडे एका केबलवाल्याकडे गेला. तिकडे मयूर विहारला, नोएडाला रोज नवी सोसायटी उभी राहत होती आणि प्रत्येकाला केबल हवी होती.

"साहेबासमोर मी आता कोणत्या तोंडानं उभा राहू?" बाबा म्हणाले.

"तुम्ही आयुष्यभर उभेच आहात की," दादा म्हणाला.

बाबांनी हात उचलला नाही. ते एवढंच म्हणाले, "मग तू इथे बसूही नकोस." दादानं पिशवी भरली. आई दोघांना पोळ्या वाढत राहिली, कारण नेहमीसारखंच हे भांडण संध्याकाळपर्यंत मिटेल असं तिला वाटलं. दादा परत आला नाही. नंतर एकदा शेजाऱ्यांच्या फोनवर त्याचा निरोप आला की ठीक आहे. मग तेही थांबलं.

आता मंडळाबद्दल सांगायला हवं. दिल्लीतल्या मराठी घरांचं आमचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी सकाळी ते एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी सिनेमा दाखवायचं. प्रोजेक्टर एकच. त्यामुळे रीळ संपलं की दिवे लागायचे, आणि दुसरं रीळ चढेपर्यंत लोक उठून आपापल्या घरच्या बातम्या सांगायचे. कुणाला नातू झाला, कुणाची लेक डॉक्टर झाली, कुणाची बढती. टाळ्या व्हायच्या. तिथे कुणी कुणाला नावानं ओळखत नसे. करोलबागचे काका, मयूर विहारची आत्या, हिंदूरावच्या मावशी. या मावशी हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होत्या, तिथेच रिजच्या टेकडीजवळ राहायच्या आणि नेहमी आईच्या शेजारी बसायच्या. प्रोजेक्टर दादा चालवायचा. तो गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारलं, "मोठा दिसत नाही तो?" दिवे लागलेलेच होते. बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "मोठा मुंबईला लागला. चांगली कंपनी आहे." टाळ्या झाल्या. मी रीळ चढवत होतो. माझ्या हातून फिल्म प्रोजेक्टरच्या दातऱ्यांत नीट बसेना.

त्यानंतर आम्ही त्याला शोधायला लागलो. शोधत होतो हे मात्र कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती. मी कॉलेज बुडवून मयूर विहारला त्या केबलवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "वो तो कब का छोड़ गया. नोएडा बोल रहा था." नोएडात सेक्टरांना नुसते नंबर. एकसारखे रस्ते, अर्धवट इमारती, धूळ. मी छपरांकडे बघत चालायचो. वर तार ओढणारा कुणी दिसला की खालून हाक मारायचो, "दादा." वरून अनोळखी चेहरा वाकून बघायचा. नदीपलीकडच्या दवाखान्यांतही विचारून झालं. संध्याकाळी घरी आलो की आई माझ्या चपलांकडे बघायची. ती जेवत होती, पण ताटात काय आहे ते बघत नव्हती. एकदा भाताला फोडणी म्हणून तिनं नुसतं तेल घातलं आणि आम्ही तिघांनी ते तसंच खाल्लं.

एका संध्याकाळी मी नदीपलीकडच्या एका पोलीस ठाण्यात गेलो. बाहेर बेवारस सापडलेल्या मृतांच्या फोटोंचा फळा असतो. मी तो बघायचा धीर करत होतो, तर फळ्यासमोर बाबा उभे होते. चष्मा काढून, अगदी जवळून बघत होते. मला पाहिल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"मी इकडून चाललो होतो," ते म्हणाले.

आमचं घर किंवा त्यांचं ऑफिस त्या बाजूला कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "मी पण." आम्ही सेवानगरची बस धरली. उतरल्यावर मी म्हटलं, "बाबा, मंडळात विचारू या का? एवढी माणसं आहेत, कुठे कुठे राहतात."

"काय विचारणार? मुंबईला गेलेला मुलगा दिल्लीत कुणाला दिसला का?"

मग मला जे सुचलं ते आता लिहायलाही संकोच वाटतो. केबलवाले तेव्हा स्वतःच्या चॅनलवर कॅसेट लावायचे. दादानं तो ओडिया सिनेमा पुन्हा लागला तेव्हा शेजाऱ्यांच्या व्हीसीआरवर उतरवून घेतला होता, अर्थात नावाविनाच. ती कॅसेट घेऊन मी मयूर विहारच्या केबलवाल्याकडे गेलो. त्याची तार नोएडाच्या काही सेक्टरांपर्यंत जायची. म्हटलं, दादा जिथे असेल तिथे टीव्ही असणारच. हा सिनेमा दुसरं कोण लावणार? त्याला कळेल.

केबलवाल्यानं थोडा बघितला. "इसमें होता क्या है?"

"सामान बांधता है," मी म्हटलं.

"पूरी पिक्चर?"

"हां जी."

त्यानं कॅसेट बाहेर काढून उलटसुलट बघितली. मग म्हणाला, "तेरा भाई भी ऐसा ही था. रख दे." त्यानं तो खरंच दुपारी लावला. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हणाला, "फोन पे फोन आए. एक आंटी पूछ रही थी, आदमी जा क्यों नहीं रहा." दादाचा मात्र फोन आला नव्हता. मी आणखी काही वेळा तो लावायला लावला. मग त्यानं हात जोडले आणि कॅसेट परत दिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की दादा या जगात नाही. आईला मी सांगितलं, आज क्लास उशिरा सुटला.

दरम्यान मंडळात आणखी एक गोष्ट घडत होती, जिचा अर्थ आम्हाला लागत नव्हता. हिंदूरावच्या मावशी आईशी बोलेनाशा झाल्या. आधी त्यांनी जागा बदलली. आईनं डब्यातली चकली पुढे केली तर "नको" म्हणाल्या आणि तोंड फिरवलं. आई घरी येऊन म्हणाली, "माझं काय चुकलं गं बाई." बाबा म्हणाले, "लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही." मंडळात दर महिन्याला उभं राहून सांगितल्यानं मुंबईची नोकरी तोपर्यंत त्यांना स्वतःलाही थोडी खरी वाटायला लागली असावी.

मग एका रविवारी मंडळानं जो सिनेमा लावला, तोही फारसा कुणाला माहीत नाही. मराठी, जुना, काळापांढरा. आमच्या प्रतीचं पहिलं रीळ तुटकं असल्यानं याचंही नाव मी पाहिलेलं नाही. तालुक्याच्या कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारा एक म्हातारा असतो. त्याला ऐकू येईनासं झालेलं असतं आणि तो ते लपवतो. लोक बोलतात, तो मान हलवतो आणि अंदाजानं लिहितो. सगळ्या गावाला ते माहीत असतं. पण त्याचा मान राखायचा म्हणून कुणी बोलत नाही, आणि चुकीचे अर्ज वर जात राहतात. एका विधवेची जमीन जाते. तरी कुणी बोलत नाही. हा कुठे लागला तर चुकवू नका.

विधवेच्या प्रसंगाशी रीळ संपलं. दिवे लागले. मयूर विहारच्या आत्यांनी उठून सुनेचं गॅस एजन्सीचं काम झाल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मी दुसरं रीळ हातात घेतलं होतं, ते डब्यावर ठेवलं. बाबा पुढच्या रांगेत होते. मला त्यांची मान दिसत होती, कॉलरला आईनं घातलेली उलटी शिवण दिसत होती.

मी म्हटलं, "दादा मुंबईला नाही."

कुणाला ऐकू गेलं नाही. लोक आपापसांत बोलत होते. पुन्हा म्हटलं, "माझा दादा मुंबईला नाही. तो घर सोडून गेला. कुठे आहे आम्हाला माहीत नाही. केबलचं काम करायचा. कुणाला कुठे दिसला असेल तर सांगा."

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. बाबा वळले नाहीत. वळतील, ओरडतील, म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी फक्त दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. करोलबागचे काका अवघडून म्हणाले, "अरे, आधी का नाही सांगितलंत?"

मागच्या कोपऱ्यात खुर्ची सरकली. हिंदूरावच्या मावशी उठल्या होत्या. रांगांमधून वाट काढत त्या आईपाशी आल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

"वहिनी, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?" आई म्हणाली.

"पावसाळ्यात तो छतावरून पडला. आमच्या वॉर्डात होता. मी घरी कळवते म्हटलं, तर म्हणाला, घरी माहीत आहे. माझा विश्वास नव्हता बसला. पण त्यानंतरही इथे भाऊजी उभे राहिले आणि मुंबईच म्हणाले. मला वाटलं, पोराला टाकलंत तुम्ही. लंगड्या झालेल्या पोराची लाज वाटते म्हणून." त्यांनी आईचा हात धरला. "तुमच्या हातचं खायची मला किळस आली होती, वहिनी."

आईनं त्यांचे दोन्ही खांदे धरले. बाबा उठून आले होते. त्यांनी विचारलं, "आहे का तो?"

"आहे हो भाऊजी. आमच्या हॉस्पिटलजवळ मलकागंजला, तिथल्या केबलवाल्याकडे लागला होता, त्याच मालकाच्या दुकानामागे खोली आहे. पायात सळई घातलीय, कुबडीनं चालतो. छतावर आता चढता यायचं नाही. पण आहे. काल डबा देऊन आले मी त्याला."