मीठ कोण चाखणार?

लॅबमधले किस्से सांगायला बसलं की आधी सगळे हसतात, मग कोणीतरी चहाचं विचारतं आणि विषय बदलतो. लिमचे किस्से त्यातलेच. कार्डिफच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आम्ही तिघं एका बेंचवर होतो. मी पुण्याचा, जन्माचा शाकाहारी. रूबेन मुंबईचा मराठी ज्यू. आणि मलेशियाहून आलेला चिनी लिम.

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात लिमचं पोट दुखायला लागलं आणि दोन महिन्यांत तो वरच्याच मजल्यावर पेशंट झाला. त्याच्या रक्ताची सॅम्पल्स आमच्याकडेच यायची. आम्हाला कोणी वेगळं काही सांगायची गरजच पडली नाही.

*

लिम म्हणाला, "एकदा आईसारखे गोळे खायचेत." डुकराच्या खिम्याचे मोठाले गोळे, कोबीच्या पानांवर ठेवून सोया सॉसमध्ये तासन्‌तास शिजवलेले. आई कधीच वारली होती. त्याने लग्न केलेलं नव्हतं.

मी वॉर्डच्या सिस्टरला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "आता मागेल ते द्या." इतकी वर्षं हॉस्पिटलात काढल्यावर या परवानगीचा आनंद होत नाही.

*

रेसिपी लिमने पडल्यापडल्या सांगितली, रूबेनने एका कोऱ्या रिपोर्टवर उतरवून घेतली.

"खिमा एकाच दिशेने ढवळायचा. उलटा फिरवलात तर गोळे फुटतात."

"किती वेळ?"

"हात दुखेपर्यंत. हात दुखला की आई म्हणायची, हं, आता सुरुवात कर."

हसताना त्याला कळ आली. आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

*

खाटकाच्या दुकानात मी आयुष्यात पहिल्यांदा शिरलो. लाज वाटत होती, कोणाची ते ठाऊक नाही. "पोर्क, चरबीसकट," म्हणालो.

"पार्टी वाटतं?" त्याने विचारलं.

मी हो म्हणालो. भला माणूस, त्याने वर दोन सॉसेज फुकट दिले.

*

शिजवायचं कुठे? माझी बायको सुधा म्हणाली, "लिमसाठी काय हवं ते करा, पण माझ्या भांड्यांत नाही." ज्यूंना डुक्कर निषिद्ध, त्यामुळे रूबेनच्या घरी तर प्रश्नच नव्हता. शेवटी लिमच्याच फ्लॅटवर गेलो. सिंकमध्ये त्याचा वॉर्डात जाण्याआधीचा चहाचा मग तसाच होता.

दोघांनी आळीपाळीने ढवळलं. गोळे फुटले नाहीत. मीठ मी अंदाजाने घातलं. आमच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नसत आणि आईचं मीठ कधी चुकलं नाही, त्या भरवशावर. तासाभराने रूबेन म्हणाला, "मीठ मी घातलंय हां. तू घालू नकोस."

आम्ही पातेल्याकडे बघत राहिलो. सॉस आधीच खारट. चाखायला हवं होतं, आणि चाखू शकणारा एकटा वॉर्डात पडून होता. रूबेनने देवाचं नाव घेऊन कपभर पाणी ओतलं.

*

लिमने अर्धा गोळा खाल्ला. त्याला वीस मिनिटं लागली.

"आईसारखा झालाय?" रूबेनने विचारलं.

"हुबेहूब," लिम म्हणाला, आणि उरलेले उद्यासाठी ठेवायला सांगितले. घरी जाताना गाडीत आम्ही खूप बोललो. इतकं हलकं मला त्या हिवाळ्यात कधी वाटलं नव्हतं.

*

लिम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. सिस्टरने वॉर्डच्या फ्रिजमधला डबा आणून दिला. वर लिमचं नाव आणि बेड नंबर.

खाली लॅबच्या टी-रूममध्ये मी डबा बिनच्या तोंडाशी नेला. रूबेन म्हणाला, "थांब." त्याने ड्रॉवरमधून काटा काढला, गोठलेली पांढरी चरबी बाजूला सारली आणि लिमने अर्धा ठेवलेला गोळा तोंडात घातला. रूबेन, जो कँटीनचा काटा आधी तीनदा धुऊन घ्यायचा.

तो बराच वेळ चावत होता.

"तोंडात धरवत नाही इतका खारट," तो म्हणाला, आणि त्याने दुसरा घेतला.