पूजेला बसलेला बंब

आगीचा बंब पूजेला बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आजही कुणी कौतुकानं म्हणालं, की आमच्या गावाला बंब आहे, आता काळजी नाही, की माझं डोकं फिरतं.

आमचं गाव शिरूर आणि दौंडच्या मधलं, आठवडे बाजाराचं. मोठ्या दुष्काळानंतर पंचायतीनं कुठल्याशा शहरानं मोडीत काढलेला बंब आणला. आजूबाजूच्या दहा गावांत कुणाचीही कडब्याची गंजी पेटली की तोच धावायचा. धावायचा म्हणजे माणसांनी ढकलल्यावर निघायचा! पाइपाला ठिकठिकाणी सायकलच्या ट्यूबा गुंडाळलेल्या. पगारी माणूस एकच, ड्रायव्हर. पाइप धरायला आमच्या बौद्धवाड्यातले दोघं, एरवी गावाची गटारं उपसणारे. त्यांना ना बूट, ना टोपी. ओलं पोतं पाठीवर टाकून ते आगीत शिरायचे आणि बंब परत आला की तो धुऊन पुसूनही तेच ठेवायचे.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. माझी धाकटी विधवा बहीण बौद्धवाड्यातच कुडाच्या घरात राहायची. तिच्याकडे शिलाईचं एक मशीन होतं. दोन लेकरं, चूल, घरातली मीठमिरची, सगळं त्या मशीनवर चालायचं.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दुसऱ्या दिवशी आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणून बहीण पांढरे झगे शिवत बसली होती. दुपारी शेजारच्या चुलीतली ठिणगी कुडाला लागली. वारा होता. मी बाजारपेठेतून धावत पंचायतीपुढं गेले.

बंब झेंडूच्या माळांत उभा होता. पाइपाची वेटोळी पाटावर मांडलेली, त्यांच्यावर हळदकुंकू, अक्षता, पुढं नारळ. आमचे दोघं दूर, रस्त्याच्या पलीकडं उभे होते. पूजा झाली, आता जवळ यायचं नाही, असं त्यांना बजावलं होतं.

"मामा, वाडा पेटलाय, बंब काढा!" मी ड्रायव्हरला ओरडून म्हणाले.

"बाई, अवजारं पूजेला बसल्याती. उद्या दसऱ्याला उठवायची. आज हालवायचं न्हाई."

"आग उद्यापर्यंत थांबणार हाय का?"

"आबांना इचारल्याबिगर मी हात लावणार न्हाई. बोलवाय मानूस धाडतो."

सरपंच आबा शेजारच्या गावी पान खायला गेले होते. ड्रायव्हर वाट बघत राहिला. वाड्याच्या बाजूनं धूर वर चढत होता, तो त्याला दिसत होता, तरी तो हात बांधून उभा! मी पाटावरचा नारळ बाजूला केला आणि पाइपाचं वेटोळं ओढलं. हळदकुंकू माझ्या पातळावर सांडलं. ते बघताच आमचे दोघं रस्ता ओलांडून आले आणि त्यांनी पाइप खांद्यावर घेतला. मग कुठं ड्रायव्हर शिव्या देत गाडीत चढला.

पाणी पडलं तेव्हा बहिणीचं छप्पर खाली आलं होतं. लेकरं वाचली. ती मशीनसाठी दोनदा आत शिरली, बायांनी तिला धरून ठेवलं. संध्याकाळी मशीनचं नुसतं लोखंड हाताला लागलं, वाकलेलं आणि काळं.

दसऱ्याला पंचायतीनं बंबावर गोमूत्र शिंपडलं आणि पुन्हा पूजा घातली. जळालेलं घर बघायला कुणी फिरकलं नाही. मला मात्र बोलावणं आलं. सरपंच ओट्यावर बसले होते.

"बाई, तुमी शिकलेल्या. गावाची पूजा मोडली तुमी. चार लोकांत माफी मागा, म्हंजी मिटलं."

"मागते आबा," मी म्हणाले. "आधी माझ्या बहिणीला तिच्या मशीनवर एक टीप घालून दाखवा."

ते उठून आत गेले. मी माफी मागितली नाही, कधीच. बहीण त्या सुगीपासून लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. रोज सकाळी पंचायतीवरून जाताना तिला बंब दिसायचा. आमचे तेच दोघं तो धूत असायचे.