शीव बांधलेल्या दिवशीचं टपाल

आमच्या ओटीवर पोस्ट आहे. सून ते चालवते. उमरोळीहून पिशवी दुपारी येते, मग डोंगराकडच्या पाड्यांची माणसं येऊन आपापलं टपाल नेतात. एक पोरगी आठवडाभर रोज विचारायला येत होती. पालघरच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता. फोनवर तसं कळलं होतं, दाखलेही जमा होते, पण पत्र दाखवल्याशिवाय आत घेणार नव्हते.

पत्र आलं ते शेवटच्या मुदतीच्या आदल्या दुपारी. पोरगी नेमकी आली नाही. पोरं तापाने पडत होती म्हणून पाड्याने शीव बांधली होती. उद्या संध्याकाळपर्यंत आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. कोणी मोडली तर वर्षभरातलं सगळं दुखणंखुपणं त्याच्या माथी.

पत्र रजिस्टर, सही तिचीच हवी. सून म्हणाली, उद्या बघू. मी म्हटलं, उद्या काय बघणार? चप्पल घाल.

वाटेवर आंब्याच्या पानांची दोरी आडवी होती. आम्ही हाक मारल्यावर पलीकडे येऊन उभे राहिले पोरगी, तिची आई, आणि ज्याने दोरी बांधली तो तिचा आजा. मागे पाड्यातले बाप्ये. सुनेने पेन पुढे केलं, मी तिचा हात मागे ओढला; दोरीपलीकडे हात गेला तरी शीव मोडलीच.

"पोस्टवाल्या बाय, तुमच्या शिक्क्याला आमचा देव भीत नाय," मागून एक जण म्हणाला. दोघं हसले.

पोरगी दोरीला पाय लावून उभी. उन्हं उतरत होती. मग आजाने मला विचारलं, "बाय, लगीन झाल्यावर पोर कोणाची?"

"सासरची."

"मंग ही मी दवाखान्याला दिली. आता ती पाड्याची नाय."

मागचा म्हणाला, दिली तर दिली, पण मग परत आत घ्यायची नाय. आजाने मान हलवली. आई खालीच बसली. पोरगीने आईकडे पाहिलं आणि दोरी ओलांडली. सही केली. कपडे आतच राहिले. सकाळी ती सुनेचा ड्रेस घालून गेली.

पावसाळ्यात पाड्यावर एक मूल दगावलं. लोक आजाच्या दारात जाऊन तिचं नाव घेऊ लागले. तो एवढंच म्हणाला, ती आपली नाय.

पोरगी सुट्टीला येते ती आमच्याकडे. आई भाकऱ्या घेऊन ओटीवर येते. आजा येत नाही.