सत्तर पावलांचा रेडिओ

मागच्या सुट्टीत तुम्ही नातवंडं चंद्रपूरला माझ्याकडे आलात, तेव्हा सोल्डरिंग शिकण्याचा एक संच कपाटात विसरून गेलात. डब्यावर लिहिलं होतं : नवशिक्यांसाठी, एफएम ट्रान्समीटर. भाद्रपदात मी मोठ्या आजीकडे मुलचेऱ्याजवळच्या गावी जायला निघाले, तेव्हा तो डबा पिशवीत टाकला. त्याचं काय करायचं हे माझं ठरलेलं होतं.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली बहीण. वर्षावास सुरू होऊन आठवडा झाला होता आणि ती न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या बुद्धविहारात वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं आणि अश्विन पौर्णिमेला शेवटची पानं वाचून समारोप करतात. ती पानं वर्षानुवर्षं हीच वाचत आली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण तिचं वाचन ऐकायला शेजारच्या गावाहून लोक येत.

"खुर्चीवर बसवून उचलून नेऊ," असं बायकांनी म्हटलं, तर ती म्हणाली, "उचलून मेलेल्याले नेतात. मी पायानं येईन, नाई तं येणार नाई."

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की हृदय ऑपरेशन सोसणार नाही, हाड जुळत नाही, या आता उभ्या राहणार नाहीत. मी तिला सांगितलं, "पौर्णिमेपर्यंत उभी राहशील." ती त्यावर विसंबली. रोज सकाळी पायाचा अंगठा दहा वेळा हलवायची आणि मला मोजायला लावायची. मी मोजत होते.

विहार तिच्या खाटेपासून सत्तर पावलांवर. पण विहाराचा भोंगा वीज पडून जळला होता, आणि मोबाइलला रेंज हवी तर गावाबाहेरच्या पुलावर जावं लागे. वाचनाची वेळ झाली की ती भिंतीकडे तोंड करायची. जेवण अर्धं राहू लागलं. तिच्या उशाशी एक जुना रेडिओ होता. माझी सगळी भिस्त त्यावर होती.

पौर्णिमेला सोळा दिवस उरले होते. दुपारी लाइट असे तेवढ्यात सोल्डर करायचं. संचात बोटभर सर्किटची पट्टी, तांदळाएवढे रोधक म्हणजे रेझिस्टर, एक ट्रान्झिस्टर, एक इवलासा माइक आणि तांब्याची तार. रोधकांची किंमत त्यांच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायची असते. माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे, डाव्याचा नाही. जी पट्टी उजव्याला जांभळी दिसे, तीच डाव्याला तपकिरी. शेवटी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून बसले. सून, म्हणजे मोठ्या आजीची सून, चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "मावशी, चंद्रपूरहून येताना डाकू होऊन आल्या का?"

पहिल्या दिवशी सोल्डरचे दोन डाग बिघडले आणि बोट भाजलं. तार पेन्सिलीवर गुंडाळून वेटोळं केलं, तर एक फेरा जास्त झाला. पाचव्या दिवशी बॅटरी लावली. रेडिओची खरखर एका जागी एकदम थांबली, म्हणजे लहरी पोचत होत्या. पण मी बोलत होते आणि रेडिओ मुका. रात्रभर विचार करून सकाळी भिंग लावून पाहिलं. माइकचे दोन पाय मी उलटे जोडले होते. ते काढताना पट्टीवरचं तांबं उचकटलं असतं तर दुसरा संच नव्हता. श्वास रोखून पाय काढले, फिरवून बसवले. "एक, दोन, तीन," मी म्हणाले, आणि शेजारच्या खोलीतून बहिणीची हाक आली, "अवो, हे रेडिओत काऊन मोजून राह्यली तू?"

आणखी एक भीती होती. असं यंत्र परवान्याशिवाय वापरावं की नाही, आणि तेही या नक्षलग्रस्त जिल्ह्यात? मी गावच्या पोलीस पाटलांकडे जाऊन यंत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"आवाज कुठवर जाते, बाई?"

"विहारापासून आमच्या खाटेपर्यंत."

"मंग लग्नातल्या डीजेपेक्षा तुम्हीच बऱ्या. पण रोज वाचन झालं का बंद करत जा. अन् रानाकडे नेऊ नका."

त्यांच्या होकारानं कायदा बदलत नाही, हे मला कळत होतं. तरी मी पुढे गेले. हेही तुम्हाला सांगून ठेवते.

पौर्णिमेआधी नऊ दिवस, संध्याकाळी, मी यंत्र विहारात नेलं. ग्रंथ सांभाळणाऱ्या बाईनं ते ग्रंथाच्या चौरंगावर ठेवलं. मी तिला बजावलं, "वाचन संपलं की लगेच बंद करायचं." वाचन झालं. सगळ्या उठून गेल्या, आम्ही चार-पाच जणी मागे राहिलो. मी विचारलं, "बंद केलं का?"

"केलं नं, बाई."

चौरंगावर पांढऱ्या कापडात नीट गाठ मारलेलं गाठोडं दिसत होतं. मी निश्चिंत झाले.

मग एकीनं विचारलं, "पौर्णिमेले येतील का त्या? आमाले तं वाटून राह्यलं का येतील."

मी म्हणाले, "नाही येणार. डॉक्टरांनी सांगितलंय, ती आता कधीच उभी राहणार नाही. मी तिला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका."

बायका हळहळल्या. एक म्हणाली, "मंग शेवटचं कोण वाचनार?" दुसरी म्हणाली, "अवो, हळू बोल." तेवढ्यात मी यंत्र घरी न्यायला हात पुढे केला, तर ग्रंथवाली बाई म्हणाली, "ते आत आहे. ग्रंथासोबतच बांधलं."

मी गाठ सोडली. यंत्रावरचा लाल दिवा जळत होता.

तुमच्या या आजीनं पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. मुलं म्हणायची, क्लोज द फॅन. मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे की पुस्तक क्लोज करतात, पंखा स्विच ऑफ करतात, आपल्याकडे दोन्हीला 'बंद' म्हणतात म्हणून घोळ होतो. ग्रंथवाल्या बाईनं तिच्या परीनं बंदच केलं होतं. ग्रंथ मिटला, आणि त्याच्याजवळची वस्तू उघडी टाकायची नाही म्हणून मानानं कापडात घेतली. बॅटरी काढायची हे मी बोललेच नव्हते.

ती सत्तर पावलं मी कशी चालले, आठवत नाही. दारात सून उभी होती. तिनं नजरेनंच आत दाखवलं. रेडिओ बहिणीच्या छातीवर होता.

"वाचन चांगलं झालं," ती म्हणाली, "मागून तू बोलली तेही ऐकलं."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सकाळी अंगठा हलला नाही. सून पेज भरवायला बसे तेव्हा दोन घोट घ्यायची आणि ओठ मिटायची. मी डॉक्टरांना फोन करायला पुलावर जाऊन आले. ते म्हणाले, खाणं सुटलं तर हातात काही राहणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "तुले कवापासून माहीत होतं?"

"फोटो काढला त्या दिवसापासून."

"म्हणजे इतके दिवस तू मले खोटंच उभी करून राह्यली." मग म्हणाली, "शिकली सवरली बाई, अन् तोंडावर लबाड बोलते. तुह्यापेक्षा तं ते तुवं यंत्र बरं." तिनं पाणी मागितलं, आणि मग पेज. वाटी रिकामी करून म्हणाली, "पौर्णिमेले ते इथी ठेव. रेडिओ तिकडे ने. मी खाटेवरून माह्या घरच्या ग्रंथातून वाचतो."

टिनाच्या छपरामुळे आतून आवाज नीट जाईना. यंत्र खिडकीत टांगलं, अँटेनाची तार बाहेर काढली. लोखंडी पेचकस जवळ नेला की लहर सरकायची, म्हणून सुनेनं बांबूची कामटी तासून दिली, त्या कामटीनं लहर जुळवायचा स्क्रू फिरवला. पौर्णिमेच्या दुपारी कुठे विहारात शब्द स्पष्ट आला.

संध्याकाळी विहार भरला. रेडिओ चौरंगावर, ग्रंथाशेजारी. तिचा आवाज आला, आधी कापरा, मग तिचा नेहमीचा. कोणी हललं नाही. एकच पान उरलं आणि ती थांबली.

"शेवटचं पान मी नाई वाचत," रेडिओतून आवाज आला. "आता दर वर्षी तुमालेच वाचाचं आहे. ग्रंथ सांभाळते तिनं वाचावं. आजच सुरू कर."

ती बाई माझ्याकडे पाहू लागली. तिनं चौरंगावरचा ग्रंथ उघडून शेवटचं पान काढलं. मग तिनं बोट ओळीवर ठेवलं आणि एकेक शब्द लावत वाचायला लागली.

पण आवाज एकाच बाजूनं जात होता. खाटेवर आमचं काहीच ऐकू येणार नव्हतं.

"वाचून राह्यली का कोणी?" रेडिओ विचारत होता. "अवो, वाचून राह्यली का?"

मी चपला न घालताच गल्लीत धावले.