तीन दिवसांची सावड

माझ्या वडिलांच्या नावावर आयुष्यात एकदाच रान झालं, आणि तेही कंप्युटरात. बारा एकर काळंभोर रान. पाण्याची पाळी नाही, बांध कोरणारा शेजारी नाही. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वीज बोर्डात लाइनमन म्हणून उभं आयुष्य खांबावर चढण्यात गेलं, निवृत्त झाल्यावर बारामतीत दोन खोल्या बांधल्या, आणि वास्तुशांतीला बोलवावेत तसे लगेच गुडघे आले दुखायला. वास्तुशांती आमच्यात करत नाहीत, पण गुडघ्यांना कोण सांगणार.

मूळचे आम्ही कन्हेरीचे. तिथं घर होतं, रान नव्हतं. आजोबांनी धम्म घेतला, पोरांना शाळेत घातलं, पण जमीन काही घेता आली नाही. म्हणून सावड आबांनी लहानपणी फक्त लांबून बघितली. सावड म्हणजे आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या रानात. ज्याचं रान त्यानं चहा-भाकरी द्यायची. घेतलेला दिवस दिवसानंच फेडायचा, पैशानं नाही. पण सावडीत शिरायला आधी स्वतःचं रान लागतं. ज्याला रान नाही त्याच्या वाट्याला मजुरी. आबा दुसऱ्याच्या बांधावर बसून हे सगळे नियम शिकले, आणि बाहेरून बघणाऱ्याला नियम जरा जास्तच पाठ असतात.

त्यांचे एकच मित्र, इंदापूरचे तात्या. तेही लाइनमन. तात्यांच्या घरची जमीन त्यांच्या तरुणपणीच उजनीच्या पाण्याखाली गेली. एक खांबावर आणि एक खाली दोर धरून, अशी या दोघांची दोस्ती. बोलणं फार नाहीच. मग तात्यांना लकवा मारला, डावं अंग गेलं, बोलणं जड झालं. आबा दर गुरुवारी एसटीनं इंदापूरला जायचे, पण पुढं त्यांना एसटीची पायरी चढवेना. फोनवर दोघांचं संभाषण असं: "जेवलास का?" "व्हय." "गोळी घेतली का?" "व्हय." मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. ज्या माणसांनी कायम एकत्र काम केलं, त्यांना नुसतं बोलायला सांगणं ही शिक्षाच असते.

मी कंप्युटरच्या क्लासमध्ये शिकवते. क्लासनं काढून टाकलेले दोन जुने कंप्युटर मी उचलले, एक आमच्या घरी, एक तात्यांच्या खिडकीजवळ, आणि दोन्हींवर शेतीचा एक गेम टाकून दिला. दोन गावांतली माणसं एका रानात ट्रॅक्टर चालवू शकतील असा. आबांनी पहिल्या दिवशी नांगराचा फाळ चिखलात रुतवला आणि अपराधी चेहऱ्यानं माझ्याकडं बघितलं. तात्या उजव्या हातानं माउस धरायचे आणि त्यांच्या सूनबाई फोन स्पीकरवर ठेवायच्या. आठवड्याभरात दोघांनी सावड धरली. सोमवार, बुधवार आबांचं रान. मंगळवार, गुरुवार तात्यांचं. ज्याचं रान तो फोनवर म्हणणार, "या, च्या घ्या." मग दोघं आपापल्या घरी बशीत चहा ओतून पिणार आणि मगच ट्रॅक्टर चालू. आई हसून हसून दमली. मी मात्र आबांचं तोंड बघत होते. सत्तरीला आलेला माणूस पहिल्यांदा सावडीला बसला होता.

पंधरा दिवसांनी आबांनी विचारलं, "ताई, ह्यात ऊस कुठं हाय?"

ऊस नव्हता. गहू, मका, सूर्यफूल होतं. ऊस वेगळा विकत घ्यायचा होता. ज्याला गेमवाले डीएलसी म्हणतात, म्हणजे मूळ गेम विकत घेतल्यावर वर पैसे भरून उतरवून घ्यायचा तुकडा. त्यातही लागणीचं यंत्र एका पॅकमध्ये आणि तोडणीचं हार्वेस्टर दुसऱ्यात. मी कॉलेजात असताना गेम खेळायचे, तेव्हा सीडी आणली की आतलं सगळं आपलं असायचं. आता ताट वाढतात आणि आमटीतलं मीठ काउंटरवर विकतात. बरं, ऊस करायला त्यांना वेळ मिळाला नाही असंही नाही. गेम बाजारात आला त्याच दिवशी ऊसही तयार होता, फक्त कापून बाजूला ठेवला होता. माझं डोकं फिरलं. आबांचं नाही फिरलं. ते म्हणाले, "अवजार हाय ते. एक तात्या घील, एक आपण घिऊ. दोघांच्यात मिळून चालतंय की."

गावात असंच चालतं. पेरायची पाभर एकाची, बैल दुसऱ्याचा. गेममध्येही तेव्हा चालायचं, ज्याच्याकडं यंत्र त्याचं दुसऱ्याला वापरता यायचं. आम्ही लागणीचं घेतलं, तात्यांनी हार्वेस्टर घेतलं. दोघांचे ऊस गुडघ्याएवढे झाले, कमरेएवढे झाले. मग एका सकाळी कंपनीचं अपडेट आलं आणि आबांना हार्वेस्टरवर चढता येईना. प्रत्येकानं प्रत्येक पॅक स्वतः विकत घ्यावा, असा नवा नियम. कारण दिलं होतं, खेळाडूंना अधिक चांगला अनुभव मिळावा म्हणून. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी दोघांनाही राहिलेले पॅक घेऊन दिले आणि कुणाला किंमत सांगितली नाही. आबांना मात्र पैशापेक्षा दुसरंच लागलं. "अवजार उसनं द्यायला बी बंदी?" असं ते दोन दिवस म्हणत राहिले.

पावसाळ्यानंतर आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पडद्याकडं बघायला आठ दिवस मनाई. ते आठही दिवस मी आबांचं रान उघडून दिलं, आबांनी पट्टी बांधूनच फोनवर चहाला बोलावलं, आणि तात्यांनी एका हातानं तिथं काम केलं. सूनबाई सांगत होत्या, दुपारी बोटं आखडायची, त्या चोळून द्यायच्या, की पुन्हा माउस. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर आबांनी आपलं रान बघितलं. सरी न् सरी तोडलेली, पुन्हा फुटायच्या खोडव्याला पाणी सोडलेलं. आबा उठले. कॅलेंडरवर गुरुवारच्या चौकटीत पेननं आठ रेघा ओढल्या, बस.

फेड सुरू झाली. रोज एक दिवस, रोज एक रेघ आडवी. पाच फिटल्या आणि तात्यांच्या छातीत कफ भरला, दवाखान्यात ठेवावं लागलं. ज्याचं रान तो नसताना सावड कशी करायची, चहा कोण देणार, म्हणून आबा थांबले. मी म्हटलं, सूनबाई रान उघडून देतील, तुम्ही तोडा की. आबांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी विषय सोडला. तीन रेघा उभ्या राहिल्या.

तात्या घरी आले त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. गेमची नवी आवृत्ती निघते आहे. जुन्यातली एकत्र खेळायची सोय अमुक गुरुवारी बंद होणार. घेतलेले पॅक नव्यात चालणार नाहीत. नव्यात ऊस लवकरच, स्वतंत्र पॅकमध्ये. मी ते पत्र तीनदा वाचलं. ज्यांनी आम्हाला ऊस दोनदा विकला, ते तिसऱ्यांदा विकायला दारात उभे होते, आणि जाताना पहिला उपटून नेणार होते. आबांना मी एवढंच सांगितलं की गुरुवारी शेवटचा दिवस. त्यांनी शांतपणे विचारलं, "एका दिवसात तीन दिवसांचं काम व्हईल का?" मी म्हटलं, सकाळी लवकर बसला तर होईल.

इथं चूक माझी. मी तारीख वाचली, वेळ वाचली नाही.

गुरुवारी आबा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून दहाला खुर्चीवर बसले. पडद्यावर तात्यांचा ऊस पुरुषभर उंच उभा, कडेला हार्वेस्टर. तात्या उशिरा उठले होते. सव्वादहाला फोन आला. शब्द तोंडात घोळत होते, पण नेहमीचेच होते, "ये आबा, च्या घे." आईनं चहा आणला. मी म्हटलं, आबा, चहा राहू द्या, आधी सुरू करा. ते म्हणाले, "सावडीचा च्या उभ्यानं घेत न्हायत. त्याचा मान हाय तो." बशीत ओतला, फुंकर मारली, पलीकडं तात्यांना सूनबाई चमच्यानं पाजत होत्या तेही थांबून ऐकलं. साडेदहाला आबांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि माउसला हात लावला.

पडदा पांढरा झाला. आमच्यासोबत खेळल्याबद्दल धन्यवाद. खाली नवी आवृत्ती, आणि जुन्या ग्राहकांना सवलत. कंपनीच्या देशात तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बंद व्हायची वेळ तीच, पत्रात लिहिलेली होती, अगदी शेवटी, बारीक अक्षरात. आबा विचारत होते, "लाइट गेली का तिकडं?" जन्मभर लोकांना लाइट देणाऱ्या माणसाला हेच आधी सुचणार. मला रडू आलं आणि स्वतःचा इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मग मला आठवलं की तात्यांचं रान तात्यांच्या कंप्युटरवर साठवलेलं आहे. एकत्र खेळता येणार नाही, पण तात्यांच्या खुर्चीवर बसून एकट्यानं तोडता येईल. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "मग चल की." रविवारी गाडी ठरवली. इंदापूर रस्त्याला खऱ्या उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकापुढं एक, आम्ही त्यांच्या मागं रखडत गेलो. आबा खिडकीतून बघत म्हणाले, "तीन दिवस ऱ्हावं लागंल. आईला फोन करून सांग." त्यांनी पिशवीत टॉवेल आणि गोळ्या घेतल्या होत्या.

तात्या फार वाळले होते. आबांना बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला. सूनबाईंनी चहा केला, या वेळी एकाच घरात, दोन बशा. आबा तात्यांच्या खुर्चीवर बसले, तात्यांचा पलंग शेजारी ओढला. रान उघडलं. ऊस तसाच उभा होता. तात्यांनी दवाखान्यातून आल्यावर एक पेरंसुद्धा तोडलं नव्हतं. आबांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला, हार्वेस्टरवर गेले. पडद्यावर चौकट आली. या यंत्राची खरेदी तपासता येत नाही, कृपया विकत घ्या. मी विकत घ्या दाबलं. दुसरी चौकट आली. हे उत्पादन आता विक्रीस नाही.

मी पुन्हा दाबलं. पाच-सहा वेळा दाबलं. विकत घेतलेल्या यंत्राची पावती तपासायचं कंपनीचं दुकानच बंद झालं होतं. आबा आधी माझ्याकडं, मग पडद्याकडं बघत राहिले. म्हणाले, "विकत बी देत न्हायत?"

तात्या पलंगावरून काहीतरी बोलत होते. सूनबाईंनी समजून सांगितलं, ते म्हणतायत ऱ्हाऊ दे, फिटलं समज. आबांनी मान हलवली, ती हो म्हणून नव्हती. तासाभरात आम्ही परत निघालो. टॉवेल पिशवीतच होता.

त्यानंतर आबांनी इंदापूरला फोन केला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "काय म्हणून करू? त्यानं एका हातानं आठ दिवस दिलं. माज्याकडं तीन ऱ्हायलं. तोंड हाय का मला?" तात्यांचाही फोन येत नाही. आपण फोन केला तर आबांना वाटेल मागतोय, म्हणून ते करत नाहीत, हे सूनबाईंनी मला सांगितलं. हे मी आबांना सांगितलं, तर ते उठून कॅलेंडरसमोर जाऊन उभे राहिले.

शेवटी मी हरले. शिव्या देत नवी आवृत्ती घेतली, ती चालेल असा कंप्युटर घेतला, तात्यांच्या घरीही तसाच पाठवला. ऊसही निघाला होता तोवर, तोही घेतला, चारही पॅक. ज्यांच्यावर थुंकावंसं वाटत होतं त्यांनाच पुन्हा पैसे दिले. सगळं जोडून आबांना खुर्चीवर बसवलं. समोर नवं कोरं रान होतं, बारा एकर. इंदापूरला तात्या पडद्यासमोर बसलेले, फोन स्पीकरवर. 'च्या घ्या' कुणी म्हणेना. कॅलेंडर उलटून गेलं होतं, पण आबांनी ते पान फाडून खिशात ठेवलेलं मला माहीत होतं.

आबांनी हात मांडीवरून उचललाच नाही. हळू म्हणाले, "बंद कर, ताई. जुनी फेडल्याबिगर नवी सावड धरत न्हायत."

फोनमधून तात्यांचा श्वास ऐकू येत होता. मग सूनबाईंनी फोन बंद केला.