काकांची शेवंती आणि ओट्यावरचा बल्ब

भिंगारमधल्या आमच्या समोरच्या काकांचा विश्वास बसेल अशी एकही वस्तू देवाने घडवलेली नाही. एका थर्मामीटरने दाखवलेला ताप ते दुसऱ्याने दाखवल्याशिवाय मान्य करत नसत. चर्चमध्ये प्रार्थनेला सगळे डोळे मिटत, काकांचा एक डोळा दाराजवळच्या चपलांवर असे. काकू गेल्या तेव्हापासून तर चोराच्या धास्तीने ओट्यावरचा बल्ब संध्याकाळपासून उजाडेपर्यंत जळू लागला.

त्याच ओट्यावर काकूंची शेवंतीची कुंडी होती. दर नाताळात ती फुलून चर्चच्या वेदीपाशी जायची. काकूंच्या माघारी पहिल्या वर्षी तिला एकही कळी आली नाही, आणि काका रिकाम्या हाताने चर्चला गेले. "यंदा तसं जायचं न्हाई," ते पावसाळ्यातच म्हणाले. राहुरीजवळ नर्सरीत काम करणाऱ्या भाचीने त्यांना द्राक्षवाले वापरतात ते संजीवक पाठवलं. काकांना बाटलीचाच संशय. "द्राक्ष फुगवनारं औषध फुलाला कसं चालंल? आधी तुमच्या झेंडूवर मारून बघू." माझा झेंडू हां हां म्हणता कमरेएवढा झाला, मग शेवंतीला थेंब मोजून फवारा मिळाला. तरी कळी नाही. आता संशय माझ्यावर. "झेंडूवर आधी मारलं, त्याचा राग काढला का तुमी?" असं त्यांनी मला सरळ विचारलं, आणि साठचा बल्ब काढून शंभरचा लावला.

दिवाळीत भाची आली. तिने कुंडी पाहिली, मग वर बल्ब पाहिला. "मामा, शेवंतीला रातभर अंधार लागतो, तवा ती कळी धरती. या उजेडात औषध काय करनार?"

काकांनी वर बल्बकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझी मामी रोज जेवनं झाली की बल्ब बंद करायची. मला वाटायचं, चिंगूस हाय."

बल्ब बंद झाला. नाताळपर्यंत कळ्या धरल्या, फुलं नाहीत. टोकाला जेमतेम पिवळं दिसत होतं. काकांनी स्कूटर काढली आणि कुंडी माझ्या हातात दिली. "धरा नीट," एवढंच म्हणाले, आणि चर्चपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता ते मुलाकडे पुण्याला असतात, कुंडी माझ्या ओट्यावर असते. संध्याकाळी फोन येतो, "बल्ब बंद हाय ना?" मी हो म्हणतो. पूर्वी ते तीनदा विचारायचे. हल्ली माझ्या पहिल्याच उत्तरावर विश्वास ठेवतात, काका थकले हे त्यातूनच कळतं, आणि मला फार वाईट वाटतं.